दुपट्ट्याखालचा हात

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात तोंडाने एकही खरी गोष्ट सांगितली नाही. खरं बोलायचं झालं की ते बोटांनी बोलत. मामा बैलबाजारात दलाल होते. आमच्याकडे बैलाचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकतो, त्याच्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव सांगतो, आणि वरून दोघंही पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात. ही सवय मामांच्या अंगात इतकी मुरली होती, की चहा हवा असला तरी ते मामीचा हात धरायला जात. "तोंड देलं हाय न देवानं?" असं म्हणून मामी चुलीकडे वळायची. एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याने "जिलबी?" म्हणून विचारलं, तर यांनी त्याची दोन बोटं दाबली. तो बिचारा हात सोडवत बसला आणि सगळी पंगत खोळंबली.

वडील गेल्यापासून आई आणि मी वडनेर भोलजीला मामांच्याच घरी होतो. मामांना मूलबाळ नव्हतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी मॅट्रिक झालो होतो, आणि बुलढाण्याच्या एका कचेरीतून मला कारकुनाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ही नोकरी हुकली तर मामांच्या मागे बैलांच्या शेपट्या धरत फिरण्याखेरीज माझ्यापुढे काही नव्हतं. त्यात मामांनी कुठूनसं ऐकलं की साहेबलोकांत रामराम चालत नाही, हात मिळवावा लागतो. मग काय विचारता? रोज सकाळी गोठ्यात माझी शिकवणी सुरू झाली.

उघड्यावर हात धरायची मामांना लाज वाटे, म्हणून सरावही दुपट्टा टाकूनच. "आवळू नको, समोरचा भेते. ढिला सोडू नको, तो भाव पाडते," मामा सांगत. "अन् हात पह्यले आपून सोडाचा. जो सोडत नाई, तो गरजू. गरजूले बाजारात भाव नाई, भाचे." दारात आलेल्या प्रत्येकावर मला हात आजमावायला लावत. पोस्टमन तर पुढे पुढे लांबूनच ओट्यावर पत्रं टाकून सायकल दामटू लागला.

मुलाखतीला तीन साहेब बसले होते. मी मधल्यांपुढे हात केला, त्यांनी तो धरला, आणि मला कळायच्या आत माझ्या बोटांनी त्यांची दोन बोटं दाबली. साहेबांचा चेहरा कोरा झाला. आटोपला कारभार, असं मला वाटलं. मग त्यांनी डाव्या हाताने खिशातला रुमाल काढला, आमच्या हातांवर पसरला आणि त्याखाली माझं एकच बोट दाबलं.

"भाव जास्त सांगून राह्यला बे तू," ते हळूच म्हणाले. "वरवट बकालच्या बाजारात माहा बाप बी दलालच होता. तू बैल इकाले आला का नोकरी मांगाले?"

बाजूचे दोघे आ वासून बघत होते. मला मामांचं शेवटचं कलम आठवलं आणि मी आधी हात सोडला. पुढचे प्रश्न हिशेबाचे निघाले, ते मला येत होते.

"रुमाल टाकला साहेबानं?" मामांनी विचारलं. "मंग सौदा झाला. कागद कायले पाह्यजे?" कागद यथावकाश आला, पण त्याआधीच मामा बाजारभर सांगत सुटले होते, की यंदा आपण घरचा अडेलतट्टू गोऱ्हा सरकारच्या गळ्यात मारला.

मी निघालो त्या दिवशी मामा एस.टी.च्या खिडकीशी आले. "बरं झालं," ते म्हणाले, "घर मोकळं होईन. दूध बी वाचीन." मग त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि माझा हात धरला. दुपट्टा खांद्यावरच होता. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, तरी मामा बाजूने चालतच राहिले. ते कधी सोडतात याची मी वाट बघत होतो. मला रडू येत होतं. गावच्या पाटीपाशी गाडीने वेग घेतला, तेव्हा शेवटी मलाच सोडावा लागला, आणि बुलढाणा येईपर्यंत मी तो हात खिशात घालून बसलो.