पुरेसा नमुना

हे मी आजवर कुणाला बोललो नाही — बायकोलाही नाही. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस मी. माझ्याबद्दल असं काही कुणाच्या मनातही येणार नाही.

शहाद्याच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी मोलगीच्या वरच्या पाड्यांवर बायकांच्या रक्तक्षयाची पाहणी निघाली. किती बायका तपासल्या म्हणजे पुरे, हे मी ठरवायचं. पाच टक्के चुकीची मुभा धरली. सूत्रातून तीनशे पंच्याऐंशी बायका आल्या. एवढ्यांना मिळून 'नमुना' म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हा तिथल्या आशा कार्यकर्त्या जमनाताई खळखळून हसल्या. "आम्ही नमुने? मग सर, तुम्ही कोण?"

पाडोपाडी त्याच आमच्यासोबत फिरल्या. स्वतःचा पाडा त्यांनी शेवटी ठेवला — आधी पाहुण्यांना वाढावं तसा. तिथे त्यांची सून होती. "चार पावलं चालली की बसते," त्या म्हणाल्या होत्या.

शेवटच्या दिवशी तिथल्या एक्केचाळीस जणींना थांबवून ठेवायला त्या पुढे गेल्या. खाली जीपवाला म्हणाला, "सर, आते पुढे गाडी जात नही. पायीच जानं पडी."

मी आजारी होतो का? नाही. ऊन होतं. पथकाला म्हणालो, चला परत.

मग घरी बसून — पाचाचे साडेपाच केले. आता तीनशे अठरा पुरत होत्या. तपासलेल्या होत्या तीनशे चव्वेचाळीस. उलट सव्वीस जास्तच. गणितात चूक नाही. पण मुभा आधी धरायची असते ना? मोजून झाल्यावर नाही. एक्केचाळीस बायका मी अर्ध्या टक्क्यात बसवल्या. अहवालात लिहिलं, 'नमुना पुरेसा आहे.' पुरेसा म्हटल्यावर परत कोण जाणार? कुणी गेलं नाही.

पुढे मोलगीच्या बाजारात जमनाताई भेटल्या. रागावल्या नाहीत.

"सर, आमच्याशिवाय पुरलं का?"

"पुरलं," मी म्हणालो. सून कशी आहे, हे विचारलं नाही.

दरवर्षी ते सूत्र फळ्यावर लिहितो. पाचावर हात थांबतो, आणि तो पाडा दिसतो — कधीच न पाहिलेला. वाट कुठे वळत असेल? बायका बसल्या तिथे सावली होती का? ती वाट चढावीशी वाटते — आज नाही, त्याच सकाळी. वरून कुणीतरी हसत म्हणावं, आले नमुने.

तेव्हा त्या एक्केचाळीस होत्या. आता किती आहेत, मला माहीत नाही.