बाबांच्या चहातलं औषध

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. विकरं म्हणजे काय, ती अन्न कशी पचवतात, उष्णतेनं ती कशी निकामी होतात, हे पोरांना सांगता सांगता माझे केस पिकले. आणि त्याच काळात आमच्या आसगावच्या घरी ती विकरं रोज सकाळी राजरोस गरम चहात मारली जात होती.

बाबा बसड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर गावी येऊन धानाच्या शेतीत रमले आणि मग पोटाचं दुखणं मागे लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, स्वादुपिंड थकलंय, पचवणारी विकरं आता कॅप्सूलमधून बाहेरूनच द्यावी लागतील.

"जेवतानाच घ्यायची बरं का," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी मान हलवली. आयुष्यभर साहेबांपुढे त्यांनी अशीच मान हलवली होती आणि गाडी आपल्याच रस्त्यानं नेली होती.

वजन उतरतच गेलं. जेवण चांगलं होतं, पण अंगी काही लागत नव्हतं. सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. आईनं नजर उतरवली. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी कॅप्सूल वाढवून दिल्या. तरी फरक नाही. मला मनातून धास्ती बसली होती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. सकाळी बाबा अंगणात खाटेवर चहा घेऊन बसले होते. त्यांनी खिशातून कॅप्सूल काढली, दोन्ही टोकं ओढून उघडली, आतले बारीक दाणे वाफाळत्या चहात सोडले आणि चमच्यानं ढवळायला लागले.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"दवाई घेऊन राहिलो."

"चहात?"

"गिळता नाही येत ना बाई, घशात अडकते. गरम चहात मस्त विरघळते."

"पण ते जेवताना घ्याची आहे!"

"जेवताना कायले? जेवण अन दवाई एकावर एक पडली का दवाईचा असर जाते. मी बराबर दोन घंट्याचं अंतर ठेवतो."

"एक दिवस नाही चुकवत," आई आतून कौतुकानं म्हणाली.

मला हसू आलं, रागही आला आणि डोळेही भरून आले. शेवटी मी शिकवायलाच बसले. म्हटलं, "बाबा, हे दवाई तुमच्यावर नाही, अन्नावर काम करते. पोटात अन्नच नसन तर कशावर करन? अन उकळलेलं अंडं पुन्हा पातळ होते का? तसंच गरम चहात हे कायमचं बिघडते. पोटातल्या आंबटानं मरू नये म्हणून दाण्यावर वरून थर दिला आहे, तोही तुमी चहातच विरघळवून टाकता."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी रिकामी बस फिरवून राहिलो होतो?"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गिळता येत नसेल तर जेवायला बसल्यावर दाणे चमचाभर थंड दह्यावर घालून, न चावता लगेच गिळा. त्या दुपारपासून तसं सुरू झालं. हळूहळू पोटाची तक्रार थांबली, गालांवर मांस आलं, बाबा पुन्हा सायकलवर बसून शेतावर जायला लागले.

गावात लोक विचारत, कशानं बरं वाटलं? बाबा छाती पुढे करून सांगत, "दह्यानं."

पुढच्या तपासणीला मी सोबत होते. काट्यावरचं वजन पाहून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "औषध छान लागू पडलं की!"

"हो साहेब," बाबा अदबीनं म्हणाले, "पण आता दवाई बंद करून नुसतं दहीच चालू ठेवलं तर जमन का?"

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. मी खाली मान घालून फाइलीतले कागद लावायला घेतले.