पैलवानाच्या छातीवरचा पट्टा

वडूजहून म्हसवडकडे जाताना एका वळणावर, बांधाआड बाभळीला टेकून थांबलेली ती गाडी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच खबर आली. जाऊन पाहिलं तर गाडीचा बंपर चेपलेला, काच शाबूत आणि चालकाच्या जागी साठीतला एक धिप्पाड माणूस मरून पडलेला. अंगावर म्हणावी अशी जखम नाही. सीट बेल्ट मात्र व्यवस्थित लावलेला.

पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. मयताला गाव पैलवान म्हणायचं, घरचे अण्णा. तरुणपणी कुंडलच्या मैदानात त्यांनी नाव कमावलं होतं. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा तपासणीला गेला. तिथवर सगळं नेहमीसारखंच चाललं होतं.

मग ठाण्यात एक फोन आला. बोलणारा नाव सांगेना.

"सायेब, पैलवानानं जल्मात कवा पट्टा लावला न्हाई. त्यो कुणी लावला, त्येवडं बगा."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. आमच्या हवालदारांना लगेच आठवलं. गावातल्याच नाकाबंदीत त्यांनी अण्णांना अडवलं होतं. अण्णांनी मुकाट दंड भरला, पण बेल्टला हात लावला नाही. वर म्हणाले, "पट्टा कुत्र्याला बांधत्यात, पैलवानाला न्हाई."

गावात चौकशी केली, तर जो तो हेच सांगे. गावाच्या कमानीजवळच्या कॅमेऱ्यात, गाडी सापडली त्याच्या आदल्या संध्याकाळी, अण्णा गाडीतून बाहेर पडताना दिसले, तेही बिनाबेल्टचे. माझा संशय पक्का झाला. मेलेल्या माणसाला चालकाच्या जागी बसवायचं, तर तो पुढे कलंडणार. कलंडू नये म्हणून कुणीतरी बेल्ट लावला असणार.

हा कुणीतरी कोण, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. अण्णांचा धाकटा भाऊ आणि अण्णा यांच्यात बांधावरून जुना वाद होता. बोलणं बंद होतं. भावानं पहिल्या जबाबात सांगितलं की, अण्णांची आपली कैक महिन्यांत गाठ नाही. पण त्याच संध्याकाळी तिठ्यावर त्याला एकट्याला चालत येताना पाहिलेला साक्षीदार आम्हाला मिळाला. मी भावाला बोलावून घेतलं.

 तो म्हणाला, "व्हय, अण्णाच्या गाडीत हुतो. त्येनंच कमानीच्या फुडं रस्त्यात गाडी थांबवून बसवून घेतलं. म्हनला, बास झालं भांडान. देवाला निगालोय, मन साफ करून जातो. तिठ्यावर उतरलो आन् रानात गेलो."

"मग आधी खोटं का बोललास?"

"सायेब, अण्णा मेला आन् शेवटाला मी संगं हुतो. कोन इस्वास ठेवनार?"

"बेल्ट कुणी लावला?"

"त्येनंच. मी बसलो तवा लावलेलाच हुता. मलाबी म्हनला, लाव रं."

मी हसलो. इतकी वर्षं जबाब घेतल्यावर बनवलेली गोष्ट ओळखता येते, असा माझा समज होता. अण्णांचा मुलगा बाहेर बाकावरच होता. त्याला आत बोलावून विचारलं. तो चुलत्याकडे न बघताच म्हणाला, "अण्णा आणि बेल्ट? साहेब, हा माणूस खोटं बोलतोय." आवाज बदलून फोन त्यानंच केला होता, हेही त्यानं कबूल केलं. भावाला ठाण्यातच बसवून ठेवलं. आता खुनाचा गुन्हा दाखल करायचा, एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांची बायको ठाण्यात आली. सोबत कुणी नाही. पदर सावरत उभीच राहिली.

"माझ्या दिराला सोडा. त्यो खरं बोलतोय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी त्येंच्या शेजारी बसत हुते न्हवं. कुंडलच्या मैदानावरनं येताना त्येंच्या जोडीदाराची गाडी उलटली. ह्ये मागनंच येत हुते. काच फोडून भायेर पडलेला त्यो गडी ह्येंनी मांडीवर घेतला, तितंच त्यानं जीव सोडला. तवापास्नं पट्टा लावायचे. कमान आली की काडायचे. कुणाला सांगू नगं म्हनून मला शपथ घातली हुती."

"मग गावात का नाही लावायचे?"

"गावात पैलवान हुते न्हवं, सायेब."

तोवर आम्ही फक्त गावाकडचे कॅमेरे पाहिले होते. आता तिठ्याच्या पुढचा पेट्रोल पंप गाठला. तिथल्या चित्रणात अण्णा गाडीत एकटेच होते. छातीवर बेल्ट होता. पैसे देताना ते पंपावरच्या पोराशी हसून बोलत होते. भावाला घरी जाऊ दिलं. पुढे व्हिसेराचा अहवाल आला. विष वगैरे काही निघालं नाही. हृदय बंद पडून मृत्यू, असं डॉक्टरांनी अंतिम मत दिलं.

मी सगळ्यांना समोर बसवून हे सांगितलं. मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "हे गावात नको सांगायला. अण्णांना लोक हसतील."

त्याची आई ताडकन उठली. "आन् तुजा चुलता खुनी म्हनून हिंडू दे व्हय?"

त्याच संध्याकाळी तिनं पारावर जाऊन, जमलेल्या माणसांसमोर सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आमचे हवालदार तिथं होते. ते म्हणाले, कुणीही हसलं नाही.

नोकरीत मी हजारो गाड्या अडवल्या असतील. बेल्ट का नाही, असं विचारलं की शर्टाची इस्त्री मोडते, जवळच जायचंय, उकडतंय, अशी कारणं ऐकू यायची. लोक हसतील, हे कारण मला कधी कुणी सांगितलं नाही. त्या प्रकरणानंतर मात्र ते मला पुष्कळ चेहऱ्यांवर दिसू लागलं. मित्रांनी भरलेल्या गाडीतला माणूस दंड भरून बेल्ट न लावता निघून जायचा आणि तोच एकटा असला की न सांगता लावायचा. मरणाची भीती सगळ्यांनाच असते, पण ती चारचौघांत दाखवायची लाज त्याहून मोठी असते.

धाकटा भाऊ संशयातून सुटला. वहिनीकडे तो अजून सणावाराला जातो, असं ऐकतो. पुतण्या घरात असला तर मात्र उंबऱ्यावरूनच परततो.