येतो

पेंटरांचं नाव मी कधी विचारलं नाही. गंगावेशीत ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बोलायचे असं, की नदीपलीकडच्याला ऐकू जावं. ब्रश स्वतःच्याच डाव्या बाहीला पुसायचे, त्यामुळे त्या बाहीवर अख्ख्या पेठेचे रंग असायचे.

फ्लेक्स आले आणि पाट्या थांबल्या. त्याच वर्षी आमच्या कॉलेजनं गावच्या दिवंगत लेखकावर चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करायला घेतली. लिहायचं मी, चित्रं पेंटरांची. शेवट मी असा लिहिला: लेखक 'जातो' म्हणतात आणि पाठमोरे लांब जातात.

पेंटरांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "मास्तर, माणूस दारातनं निघताना जातो म्हणतोय व्हय? येतो म्हणतोय की. मी पाठमोरा काढणार न्हाय."

"मग ते जाणार कसे?"

"येऊ द्या की हिकडंच."

मी वाद घातला आणि हरलो. शेकडो कागदांवर पेंटरांनी लेखकाला पावलापावलानं आपल्याकडं चालत आणलं.

हॉलमध्ये फिल्म दाखवली. लेखक "येतो" म्हणाले आणि मोठे मोठे होत आले. शेवटी नुसता चष्माच पडदाभर उरला. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. जन्माच्या सवयीनं त्या बोलून गेल्या, "या. लवकर या."

पेंटर माझ्या कानाशी वाकले. त्यांना इतकं हळू बोलता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

"जातो म्हटलं असतं, तर बाईंनी काय म्हणायचं हुतं?"