राजमतीआक्काचं न फिटणारं सुतक

आमची नि रायाप्पाअण्णांची भिंत एकच, मातीची. तिकडलं शिंकणंसुद्धा इकडं ऐकू यायचं, आणि निपाणीत शिंकांना काय तोटा, दारोदार तंबाखू वाळत पडलेली. एका तिन्हीसांजेला तिकडनं भांडण आलं. मी परकरातली पोर. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत ऐकत होते.

अण्णा आपल्या धाकट्या भावाच्या विधवेला, राजमतीआक्काला, बस्तीत यायचं नाही म्हणून सांगत होते. बस्ती म्हणजे त्यांचं जैनांचं देऊळ. आक्का मिरजेला नर्सचं शिकून आलेली, गावानं वर्गणीतनं चालवलेल्या इवल्याशा दवाखान्यात बाळंतपणं करायची. त्यांच्यात जन्मालाही सुतकच म्हणतात, बाळंतिणीला हात लावणारीलाही ते दहा दिवसांचं. पण एकीचं फिटायच्या आत दुसरी अडून बसलेलीच.

"मग तुझं सुतक फिटायचं कवा?" अण्णांनी विचारलं.

"माणसं जन्माला यायची थांबली की," आक्का म्हणाली.

आई तोंडाला पदर लावून हसली. भिंतीपलीकडं मात्र कुणी हसलं नाही. दवाखाना सोड, नाहीतर बस्ती सोड, असं अण्णांनी तोडून सांगितलं. आक्कानं बस्ती सोडली.

पण देवाचं दर्शन झाल्याबिगर तोंडात पाणी घ्यायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. तो कसा सुटावा? बस्तीपुढं उंच दगडी मानस्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर चारी अंगांना बारक्या मूर्ती, आत न जाणाऱ्यालाही दिसाव्यात अशा. आक्का रोज उजाडताना रस्त्यावर उभी राहायची, मान वर करून हात जोडायची, मग दवाखान्याची वाट धरायची.

पण थंडीत आमच्याकडं असं धुकं उतरतं, की बैल दिसत नाही, नुसती घुंगरं चालत येतात. खांब पार विरघळून जायचा. आक्काचं पांढरं लुगडंही धुक्यात मिसळायचं. रांगोळी काढताना मला वाटायचं, धुक्याचाच एक तुकडा हात जोडून उभा आहे. बाळंतिणी वाट बघत असायच्या, म्हणून ती तशीच कोरडी पुढं जायची. धुकं विरलं की दवाखान्याच्या पायरीवर यायची, तिथनं लांबवर खांबाचा माथा दिसायचा. मग घोटभर पाणी घ्यायची.

दवाखान्यात फिनेलचा वास नि उकळत्या पाण्याची वाफ. खेड्यातल्या बायका लोखंडी खाटेला भ्यायच्या, पडू म्हणून खाली निजायच्या. आक्काही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसायची. कळा वाढल्या की कानडीत दटावायची, कमी झाल्या की मराठीत गोंजारायची. आम्ही म्हणायचो, पोरं दोन्ही भाषा शिकूनच बाहेर येतात.

अशी किती वर्षं गेली. मग एका थंडीत अण्णांची सून प्रेमला अडली नि तिला दवाखान्यात आणलं. त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हललं नाही. अण्णा व्हरांड्यात येरझारा घालत होते. दारातनं त्यांना दिसलं, आक्का भिंतीला हात लावून डोळे मिटून उभी राहिली, नि परत कामाला लागली. दवाखान्यातल्या आयाला, मालुबाईला, त्यांनी विचारलं, हिला काय झालं?

"काय हुतंय? पाणी न्हाय पोटात. खांब दिसला न्हाय आज."

अण्णांना हे ठाऊकच नव्हतं. घरातल्या तसबिरीवर भागवत असेल, असं ते धरून चालले होते. नातू झाला.

आणि नातू झाला म्हणून अण्णांनाच सुतक आलं. त्यांनाही बस्ती बंद, नि दर्शनाचा नेम त्यांचाही तोच. दुसऱ्या दिवशी आम्ही बघतो तर रस्त्यावर धुक्यात दोन माणसं, एक पांढरं लुगडं नि एक फेटा. आक्का कामाला निघून गेली. अण्णा उभेच. भुकेनं फेटासुद्धा ढिला पडला, म्हणायची माझी आई. सुतक फिटेपर्यंत रोज असंच. शेवटच्या दिवशी अण्णा म्हणाले, "राजमती, उद्या आत चल. न्हाऊन धुतलेलं नेसलीस की झालं. उपाध्यांशी मी बोलतो."

"अण्णा, आज परत एक बाळंतीण हाय."

"असू दे गं. मी दहा दिवसांतच टेकीला आलो, तुझं इतकी वर्षं कसं भागलं असंल?"

ती आत गेली. बायकांनी सरकून जागा दिली. एकदोघींनी पदर आवरले, पण त्यांचीही पोरं आक्काच्याच हातची, त्यामुळं तोंड उघडायची सोय नव्हती.

पुढं आक्का म्हातारी झाली, मी पोराबाळांची. माझा धाकटा नुकता झालेला, स्वराज्याच्या आदल्या साली. आक्का गेली त्याच दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली होती. बस्तीतनं परस्पर आलेली, कपाळाला ओलं गंध. हात धुतले, बाळाची बेंबी बघितली, सुकत आली म्हणाली. पावडर लावून पट्टी बांधली. मी चहा टाकू का विचारलं, तर पलीकडच्या गल्लीत जयाबाईची सून खोळंबली असंल म्हणाली. आणि दारातनं मला दटावलं, "बाळाला लई गुंडाळू नको गं, जरा वारा लागू दे."