लो म्हणजे मुफलिस नव्हे

शुभदाताईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. आमच्या ऑफिसात त्या सीनियर टेस्टर. जन्म, शाळा, सासर सगळं इंदूरचं, राहायला स्नेहलतागंजला. माझी दहावी अर्धवट, गाव हर्णैजवळ. मला टेस्टर म्हणून घ्या असं सरांना त्यांनी सांगितलं. आणि पुढे जे झालं त्यात माझी नोकरी टिकली, तीही त्यांच्यामुळेच.

त्या सोमवारी तिवारी सरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. ताई, डेव्हलपर सौरभ आणि मी. परदेशातल्या एका क्लायंटसाठी आम्ही पत्त्यांचा गेम बनवत होतो. त्यात खरे पैसे नाहीत, चिप्स नुसत्या दाखवायच्या. समोर माणूस नसला की कॉम्प्युटर खेळतो, त्याला बॉट म्हणतात. क्लायंटची तक्रार सरांनी वाचून दाखवली. तुमचे बॉट वेड्यासारखे लोच्या, म्हणजे हलक्या पत्त्यांच्या मागे धावतात, भलतेच पत्ते घेऊन धावतात.

"गुरुवार को डेमो है," सर म्हणाले. "बॉट नहीं सुधरा तो प्रोजेक्ट गया समझो. और मंगेश, तुम्हारा प्रोबेशन भी इसी हफ्ते खतम है ना?"

मी मान हलवली. प्रोबेशन म्हणजे कच्ची नोकरी. पक्कं केलं नाही तर राजेंद्र नगरची खोली सोडायची आणि घरी जाऊन तोंड दाखवायचं. दुसरीकडे कुठे अर्ज करायचा तर पहिला प्रश्न शिक्षणाचाच येतो.

आता गेम काय ते सांगतो. हा पोकरचा एक प्रकार. प्रत्येकाला एकेक करून सात पत्ते मिळतात. पहिले दोन आणि शेवटचा झाकलेला, मधले चार सगळ्यांसमोर उघडे. तिसऱ्या पत्त्यापासून दर पत्त्यानंतर चिप्स टाकायच्या, नाहीतर पत्ते ठेवून डाव सोडायचा. शेवटी सातातले पाच निवडायचे. मधे जमलेल्या चिप्सच्या ढिगाला पॉट म्हणतात, आणि त्याचे दोन भाग होतात. अर्धा भाग सगळ्यात भारी पत्तेवाल्याला, म्हणजे हायला. अर्धा सगळ्यात हलक्या पत्तेवाल्याला, म्हणजे लोला. पण लोला अट आहे. पाच वेगवेगळे पत्ते हवेत आणि सगळे अठ्ठी किंवा खालचे. कुणाचाच लो झाला नाही तर हायवाला सगळं घेतो.

"आसान है भिया," सौरभ म्हणाला. "लो मतलब मुफलिस. मैंने वोही लॉजिक डाला है. परसेंट थोडा कम कर देते हैं, कम भागेगा."

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मुफलिस कोणाला माहीत नाही? दिवाळीत तीन पत्ती खेळताना मधेच कोणीतरी उलटा डाव लावतो, ज्याचे पत्ते सगळ्यात हलके तो जिंकला. मी गावात लहानपणापासून खेळलोय.

माझं काम होतं टेस्ट केस काढायच्या. म्हणजे बॉटला अमुक पत्ते दिले तर त्याने लोच्या मागे जावं की सोडावं, हे आधी ठरवायचं आणि तो तसंच करतो का बघायचं. बसलो तर काही सुचेना. ताईंनी लंचला मला पँट्रीत ओढलं. पर्समधून पत्त्यांचा जोड काढला.

"ऑफिसात पत्ते, ताई? सर बघतील."

"बघू दे. पत्त्यांचंच ऑफिस आहे. तू घबरतोस फार, आधी खेळ तर. लोसाठी चालतील ते घे, नाही ते ठेव."

त्यांनी पत्ते पिसून मला तीन दिले. तिर्री, चौकी, पंजी, तिन्ही बदाम. मी खाली ठेवले. परत तीन दिले. एक्का, दुर्री, छक्की. तेही ठेवले. मग दुर्री, चौकी, सत्ती आली, ती मात्र घेतली.

"पहिले दोन का टाकलेस?"

"पहिल्यात सिक्वेन्स होता, वर कलर. मुफलिसमध्ये ते भारी, म्हणजे बाद. दुसऱ्यात एक्का. त्याच्यावर पत्ताच नाही."

ताईंच्या हातातला पराठा तसाच राहिला. "परत बोल."

मी परत बोललो.

"अरे देवा," ताई म्हणाल्या. "मंगेश, तुझ्या डोक्यात मुफलिस आहे. मगर सौरभच्याही डोक्यात तेच आहे. चल."

सौरभने कोड उघडला. एक्का सगळ्यात मोठा धरलेला. सिक्वेन्स म्हणजे ओळीचे पत्ते, कलर म्हणजे एकाच रंगाचे, ते दिसले की लोसाठी बाद. आमच्या गेममध्ये नेमकं उलटं आहे. एक्का लहानही होतो आणि मोठाही. सिक्वेन्स, कलर लोला अडवत नाहीत आणि हायला मदत करतात. म्हणजे तेच पाच पत्ते पॉटचे दोन्ही भाग घेऊन जाऊ शकतात. आमचा बॉट सोनं टाकून भंगार घेत होता.

"यार, दिवाली ने मरवा दिया," सौरभ म्हणाला, आणि दिवसभर स्वतःवरच हसत राहिला.

पण अर्धंच काम झालं होतं. मुफलिसमध्ये हलका माणूस सगळा पॉट घेतो. इथे अर्धाच. हे मला तोंडाने कळत होतं, डोक्यात बसत नव्हतं. ताईंनी टेबलावर शेंगदाणे ओतले.

"आपण दोघंच उरलो. मी दहा टाकले, तू दहा टाक. मी हाय जिंकले, तू लो. तुला किती?"

"दहा."

"टाकले किती?"

"दहा."

"मग मेहनत कायको केलीस? आणि लो नाही झाला तर?"

"सगळे गेले."

"सौरभ, तू पण बस. आता तिघं. टाक दहा. आता लो जिंकलास तर?"

"पंधरा." आणि मला एकदम दिसलं. दोघंच असतील आणि आपल्याला फक्त लोच होणार असेल, तर जिंकून आपलंच परत मिळतं. आधी सोडून गेलेल्यांच्या थोड्या चिप्स मिळतील तेवढ्याच. हरलो तर सगळं जातं. तिघं-चौघं असले तर धावण्यात अर्थ आहे.

सौरभने तोवर निम्मे शेंगदाणे खाल्ले होते. "पॉट छोटा हो गया भिया," तो म्हणाला.

मग आम्ही बसून ठरवलं. सुरुवातीचे तिन्ही पत्ते लहान आणि वेगवेगळे असले तरच लोचा विचार. त्यात एक्का असला, किंवा पत्ते जवळजवळचे, एकाच रंगाचे असले तर उत्तम, कारण हायचीही आशा राहते. चौथा पत्ता मोठा आला तर एकदा चालवून घ्यायचं, पण किती जण उरलेत ते बघून. पाचवाही मोठा आला तर सोडायचं. आता उरलेले दोन्ही लहानच यायला लागतात, एक चुकला की संपलं. आणि दुसऱ्यांचे उघडे पत्ते बघायचे. आपल्याला हवी ती तिर्री, पंजी त्यांच्यासमोर पडली असेल तर ती आपल्याला कुठून येणार? हे शेवटचं मी सुचवलं. रमी खेळणाऱ्याला ही सवय असते.

बुधवारी सर भडकले. "डेमो कल है और तुम लोग पूरा लॉजिक बदल रहे हो? बात तो परसेंट कम करने की हुई थी."

मी म्हणालो, "सरजी, परसेंट कम करने से बॉट कम बार गलत खेलेगा. खेलेगा तो गलत ही."

"कुछ गड़बड़ हुई तो जवाब कौन देगा?"

ताई पुढे सरकल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मैं."

असं का बोललो माहीत नाही. पण ते माझंच काम होतं. टेस्ट केस माझ्या होत्या.

गुरुवारी क्लायंट स्क्रीनवर आला. स्वतःच खेळायला बसला. सुरुवातीचे डाव नीट गेले. मग एका डावात बाकीचे एकेक करून सोडून गेले, तो आणि बॉट दोघंच उरले. टेस्टसाठी आम्हाला बॉटचे झाकलेले पत्तेही दिसत होते. दुर्री, चौकी, सत्ती. चौथा राजा आला. तेव्हा अजून तिघं होते, म्हणून बॉट डावात राहिला. दोघंच उरल्यावर पाचवा दश्शी. क्लायंटसमोर राण्यांची जोडी उघडी. बॉटने डाव सोडला.

क्लायंटने पुढचे पत्ते काय आले असते ते बघायचं बटण दाबलं. तिर्री आणि छक्की.

बॉटचा लो झाला असता. क्लायंटने इंग्रजीत विचारलं, हा तर अर्धा पॉट जिंकला असता, मग सोडला का?

सरांनी माझ्याकडे बघितलं. सौरभ खाली बघायला लागला. ताईंनी म्यूट काढून माईक माझ्याकडे सरकवला.

माझं इंग्रजी कसं असणार? "सर, ओन्ली टू प्लेयर. हाफ पॉट इज बॉट्स ओन चिप्स. टू बॅड कार्ड. नीड टू गुड कार्ड. वन मिस, ऑल गॉन. धिस टाइम कार्ड केम. एव्हरी टाइम नॉट कम."

क्लायंट म्हणाला की बरोबर आहे, तोही इथे सोडूनच गेला असता. आणि पुढचा डाव वाटायला सांगितला.

त्या पुढच्या डावात बॉटने एक्क्यापासून पंजीपर्यंत सिक्वेन्स लावला आणि दोन्ही अर्धे घेतले. क्लायंटने स्वतःच्याच बॉटला शिवी दिली. सर हसले.

प्रोजेक्ट राहिला. शनिवारी मला पक्कं केल्याचं सरांनी सांगितलं, जाताजाता, जसं काही पंखा बंद कर म्हणत होते. सौरभ अजून मला "मुफलिस" म्हणून हाक मारतो.

या कामात मी शिकलो ते एवढंच. सोडलेल्या डावात नंतर कधीकधी चांगले पत्ते निघतात. ते बघून सोडणं चुकीचं ठरत नाही. तेव्हा टेबलावर काय दिसत होतं तेवढंच विचारायचं.

पक्की नोकरी म्हणजे भरपगारी रजा मिळते. ताईंनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "अरे, जाऊ ना कधीतरी." कधीतरी नाही. त्यांना आणि भावजींना मी हर्णैला नेणार. तिकीट माझं, राहणं माझ्या घरी, मासे आईच्या हातचे. किनाऱ्यावर त्यांना नुसतं बसवून ठेवणार आहे, काहीही काम न सांगता. ताईंच्या उपकाराचं मुद्दल त्याने फिटणार नाही, सुरुवात तर होईल.