पाच किलोमीटरला एक डबा

माझं अक्षर किरटं आहे आणि वेलांट्या चुकतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण भाऊंची ती घंटी कागदावर कशी उतरवायची, हे चौथी शिकलेल्या बाईलाच काय, कुणालाच जमलं नसतं.

लिफ्टचं दार उघडायच्या आधीच ती आतून ऐकू यायची. ट्रिंग ट्रिंग! मग दार उघडायचं. आत भाऊ, सायकल मागच्या चाकावर घोड्यासारखी उभी केलेली, डोक्यावर हेल्मेट.

"साइड द्या मावशी, ट्रक येतोय!"

खाली सायकल ठेवायला वॉचमन देत नसे, म्हणून ती रोज लिफ्टमधून वर जायची. लिफ्टमध्ये दुसरं कुणी नसलं तरी भाऊ प्रत्येक मजल्यावर घंटी वाजवत. विचारलं तर म्हणायचे, "सिग्नल नाही ना मावशी, काळजी घ्यावी लागते."

मी मुलाकडे दोहाला आले ती नात सांभाळायला. फरीज बिन ओमरानमधला आमचा फ्लॅट. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि नात माझं सगळं ऐकून घेऊन इंग्रजीत उत्तर देणार. मला हिंदी धड येत नाही. खालच्या दुकानात मी बोटाने दाखवून कोथिंबीर घ्यायची. तेव्हा माझ्याशी रोज मराठीत बोलणारी ती एक घंटीच होती म्हणा ना.

भाऊ पन्नाशीचे. पोट पुढे, आणि त्यावर ती घट्ट सायकलची चड्डी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पदर तोंडावर घेऊन भिंतीकडे बघत उभी राहिले. नोकरी दूर रास लफानच्या गॅस प्लँटवर, जायला कंपनीची बस. संध्याकाळी आले की सायकल. भाजी घ्यायलासुद्धा हेल्मेट घालून जायचे. राहायचे एकटेच. बायको कॅन्सरने गेली, एवढंच मुलाकडून कळलं होतं.

सायकलच्या मागे एक स्टीलचा डबा बांधलेला असायचा. जुना, कडीचा, एका बाजूला चेपलेला. एकदा धीर करून विचारलं, "काय असतं हो त्यात?"

"हवा," भाऊ म्हणाले. "टायरला कमी पडली तर असावी."

तेव्हा दोहात वर्ल्ड कपची धांदल सुरू होती. जिकडे बघाल तिकडे क्रेन, आणि रस्ते तर असे की काल होता तो आज नाही. त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या घरी आरती झाल्यावर भाऊ प्रसादाची वाटी हातात धरून उभे राहिले.

"मी दोहातल्या अल थुमामापासून पार उत्तरेला अल खोरपर्यंत सायकलने जाणार आणि परत येणार. कॅन्सरच्या पेशंटांसाठी."

"अहो, परत येणार कशाला? आम्ही टेम्पो पाठवू," आरतीला आलेल्या पुण्याच्या वहिनी म्हणाल्या. सगळे हसले. मुलाने पाकिटात हात घातला.

"पैसे नकोत. परवानगीशिवाय इथे गोळा करता येत नाहीत. मला डबे हवेत. पाच किलोमीटरला एक डबा." मग जरा हळू बोलले. "आपल्या सोलापूरकडचा एक सुतार आहे हॉस्पिटलात. स्टेडियमच्या कामावर होता. इथे कुणी नाही त्याला. तोंडात काही घेत नाही, नुसता वाळत चाललाय. डॉक्टर म्हणतात, अंगात ताकद आल्याशिवाय पुढचं औषध देता येणार नाही. वॉर्डात असे आणखीही आहेत. नर्सना विचारलंय, घरचं मऊ जेवण चालतं."

बायकांनी बोटांवर हिशेब केला. थुमामा ते खोर, जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे वीस-पंचवीस डबे. पाच-सहा घरांत वाटून घेतलं तर सहज होईल. सगळ्यांनी कबूल केलं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

शुक्रवारी पहाटे भाऊ निघाले. ते कुठे आहेत ते मोबाईलवर निळ्या ठिपक्यात दिसत होतं. पुण्याच्या वहिनींसकट सगळ्या आमच्याच हॉलमध्ये चहा घेत ठिपक्याकडे बघत बसल्या. तुम्ही असायला हवं होतं! ठिपका आधी बरोबर उत्तरेकडे चालला. मग अचानक वळला.

"हे कुठे चालले?"

"रस्ता खणलाय तिथे. डायव्हर्शन आहे."

ठिपका गोल फिरला. पुन्हा फिरला. नात टाळ्या पिटत ओरडली, "आजी, ही इज लॉस्ट!"

"आई गं, हा तर परत थुमामाला आला!" मुलगा म्हणाला.

तेव्हा पुण्याच्या वहिनींच्या हातातला कप थांबला. "अहो, पण हे किलोमीटर मोजतायत का?"

सगळ्यांची बोटं पुन्हा हिशेबाला लागली. मग जो गोंधळ उडाला! एकीने फोन लावला. "भाऊ, वळा! आधी वळा! आमचे डबे वाढतायत!"

फोनमधून वारा आणि धाप. "मी काय करू? बोर्डावर बाण आहे, मी बाणाच्या मागे चाललोय! यल्ला, चला, ठेवतो, पुढे अजून एक बाण आलाय!"

संध्याकाळी लिफ्टमधून घंटी आली, अगदी क्षीण. दार उघडलं. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा, पाय लटपटतायत. "मावशी," ते म्हणाले, "मी खलास. पण डबे जवळजवळ दीडपट झालेत." आणि तिथेच लिफ्टमध्ये बसून इतके हसले, की दार दोनदा बंद होऊन उघडलं.

कुरकुर झाली, पण मागे कुणी हटलं नाही. रोज डबे जाऊ लागले. फक्त एक मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डबे इतके वाढले, आणि वॉर्डात गेलेले लवकर परत येईनात, की घरातले डबेच संपले. एका सकाळी मी सुतारासाठी ज्वारीची आंबील केली आणि बघते तर ओतायला काही नाही. भाऊ दारात उभे.

"तुमचा तो सायकलचा द्या," मी म्हणाले.

भाऊंचं हसू गेलं. डबा सोडून आणला, पण हातातून सुटेना.

"नाशिकला ही आजारी होती तेव्हा शेजारच्या काकू रोज डबा द्यायच्या. शेवटच्या दिवशीचा हा माझ्याकडेच राहिला. नंतर काकूही गेल्या. भरून परत द्यायचा होता, मावशी. रिकामा कसा देणार?"

ते खरंच. आपल्यात दुसऱ्याचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. मी तो त्यांच्या हातातून घेतला. डबा घासला, आंबील ओतली, कडी लावली.

"चला," भाऊ म्हणाले, "तुम्हीच द्या."

सुतार उशीला टेकून बसला होता. गाल आत गेलेले, डोळे मोठे. मी चमचा पुढे केला. त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ घालाया इसरला व्हय, मावशी?"

मी ओशाळून चमचा मागे घेतला. आणि भाऊ? भाऊ खुर्चीवरून उठून चक्क नाचायला लागले. "तक्रार केली! मावशी, याने तक्रार केली! याला चव लागतेय!" नर्स धावत आली आणि तीही हसायला लागली. त्या दिवशी सुताराने डबा संपवला, आणि रिकामा डबा त्याच्या उशाशीच राहिला. पुढे औषध सुरू झालं. आणि मी, हो मीच, त्या वॉर्डात रोज चार जणांशी बोलू लागले.

भाऊ आता इथे नाहीत. रस्ते सरळ झाले, स्टेडियम उभी राहिली, आणि एकही मॅच न बघता करार संपून ते गेले. लिफ्ट मुकाट्याने वर येते. नात कधीकधी तोंडाने ट्रिंग ट्रिंग करते.

त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. सुताराला हॉस्पिटलातून सोडलं, गावी जायचं तिकीट हातात आलं, त्या दिवशी आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो. त्याने तो चेपलेला डबा दोन्ही हातांनी भाऊंना दिला. घासून लखलखीत केलेला. भाऊंनी हलवला तर आत काहीतरी सरसरलं.

कडी काढली. आत साखरेच्या छोट्या पुड्या होत्या. हॉस्पिटलात चहाबरोबर मिळतात तशा. काठोकाठ.

"बिनसाखरेचा च्या प्यालो रोज," सुतार लाजत म्हणाला. "रिकामा कसा द्यायचा?"

भाऊंनी डब्यात बोटं घालून पुड्या चाळवल्या. मग एक पुडी फाडली, अर्धी माझ्या हातावर ओतली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली.

"फिटलं, मावशी," ते म्हणाले. ओठांना साखर लागलेली. "काकूंचं सगळं फिटलं."